आपलीच आहे ती

माझ्या चेहऱ्याला काही किंमत आहे हे मला नीट कळायच्या आत आमच्या बाबांनी तो फुकट देऊन टाकला. हे वाक्य मी इतक्या वर्षांत मनातल्या मनात कितीदा तरी घासूनपुसून मऊ करायचा प्रयत्न केला, पण ते मऊ होत नाही, म्हणून आहे तसंच लिहिते. वडिलांबद्दल असं लिहिलेलं ज्यांना खपत नाही त्यांनी हे प्रकरण खुशाल सोडून द्यावं. आईबद्दलची, आजोळाबद्दलची पानं या पुस्तकात भरपूर आहेत आणि त्यांत मी कोणालाच बोल लावलेला नाही. इथे लावणार आहे, आणि त्यातून मीही सुटणार नाही.

तेव्हा आम्ही सिडनीत स्कोफिल्ड्सला राहायचो. सगळी वसाहतच नवी होती आणि घरं इतकी एकसारखी की पहिल्या वर्षी बाबा दोनदा शेजाऱ्याच्या गॅरेजसमोर गाडी उभी करून आपला रिमोट दाबत बसले होते. दिवसभर कुठे ना कुठे बांधकाम चालू, त्यामुळे रिव्हर्समध्ये येणाऱ्या ट्रकचा टूंऽटूंऽ आवाज आमच्या जेवणात, झोपेत, भांडणात सगळीकडे असायचा. शनिवारी गवत कापायची मशिनं सुरू व्हायची आणि रविवारी आमच्या घरातला स्मोक अलार्म. रविवार म्हणजे थालीपीठ. आई तव्यावर भाजणीचं थालीपीठ लावायची, भोकांत तेल सोडायची, आणि तिसऱ्या थालीपिठाला अलार्म हटकून ओरडायचा. मग बाबा खुर्चीवर चढून टॉवेल फिरवायचे आणि खालून आई म्हणायची, "अहो, त्याला वारा घालू नका, मागचं दार उघडा." दर रविवारी हेच. शर्यतीच्या दिवशी मात्र थालीपीठ नाही. मऊ भात, मेतकूट आणि वर तूप. युनिव्हर्सिटीतल्या, इथल्या भाषेत युनितल्या, आहारतज्ज्ञ बाईने मला विचारलं होतं की शर्यतीआधी काय खातेस, तेव्हा मी मेतकूट समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने शेवटी 'भात आणि पावडर' असं लिहून घेतलं आणि ती पावडर तपासून आणायला लावली.

माझा खेळ म्हणजे चालण्याची शर्यत. हसू आलं असेल तर हसून घ्या, आमच्याकडे सगळ्यांनी हसून घेतलं होतं. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा आणि पुढचा गुडघा सरळ हवा, हे दोन नियम. ते मोडले की रस्त्याकडेला उभे असलेले पंच लाल कार्ड लिहितात, आणि तीन पंचांची कार्डं झाली की घरी जायचं. शाळेत मी धावण्यात कायम शेवटून दुसरी यायचे, पण चालण्यात मला कोणी गाठू शकायचं नाही. आई म्हणायची, "चालायला शिकवायला मास्तर लागतो होय? आणि कंबर एवढी हलवायची असते का?" बाबा मात्र हसले नाहीत. ते सकाळी पाच वाजता उठून, मफलर गुंडाळून, तळ्याकाठच्या रस्त्यावर घडीची खुर्ची टाकून बसायचे. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि माझी प्रत्येक फेरी एका वहीत. सहा वर्षं. हे लिहिताना माझा राग जरा अडखळतो, पण कमी होत नाही. उलट हेच आठवून तो वाढतो.

युनित गेले तेव्हा मुलींनी माझ्या 'ऋजुता'चं 'रू' करून टाकलं. मीही ते लावून घेतलं. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आरतीला उशीर होत होता म्हणून मी स्टेशनपासून हॉलपर्यंत नऊवारीत शर्यतीच्या चालीने निघाले, आणि मागून येणाऱ्या मैत्रिणीने ते फोनवर घेतलं. वाटेत जॉगिंग करणारे दोन गोरे बाप्ये मी सहज मागे टाकले होते. तो व्हिडिओ कुठल्या कुठे पोचला. मग लोक मला विचारायला लागले: हा बँड घाल, हा डबा हातात धर, हे तेल पायाला लाव. मला काही कळत नव्हतं. युनित खेळाडूंसाठी एक ऑफिस होतं आणि तिथे हेलन नावाची एक उंच, चष्म्याची बाई होती. आमच्या परीक्षा पुढे ढकलून देणं, फिजिओची वेळ लावून देणं ही तिची रोजची कामं. पण माझ्यासाठी तिने त्याहून जास्त केलं. मला कोणी काही देऊ केलं की तो कागद ती ओळ न् ओळ वाचायची. कमाईवर टॅक्स कसा भरायचा, नको असलेल्या कामाला चार ओळींत नकार कसा द्यायचा, हे सगळं तिने बसवून शिकवलं. युनिनेही माझा फोटो आपल्या माहितीपुस्तकावर छापला होता, पण आधी माझी सही घेतली होती. फार बारीक अक्षरांत का होईना, त्यांनी विचारलं होतं.

त्या वर्षी एक बूट कंपनी आली. चालण्याचे बूट बनवणारी, इथलीच. एका वर्षासाठी त्यांचे बूट घालायचे, त्यांच्या जाहिरातीत दिसायचं, आणि त्या बदल्यात ते मला इटलीतल्या डोंगरावरच्या सहा आठवड्यांच्या कॅम्पला पाठवणार होते. आमच्या कोचने मला स्पष्ट सांगितलं होतं की तो कॅम्प झाला तर पुढच्या वर्षी राष्ट्रीय संघात तुझं नाव पक्कं समज, नाही झाला तर मी शब्द देत नाही. आमच्या घराला तो खर्च झेपणारा नव्हता. घराचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते. म्हणजे बूट, कॅम्प आणि संघ अशी ती सरळ वाट होती आणि तिच्या तोंडाशी एक कागद होता. हेलन दोन महिने त्या कागदाशी झुंजली. त्यात एक अट होती जी तिने मला तीनदा वाचून दाखवली: या काळात माझा फोटो माझ्या परवानगीने दुसऱ्या कोणाच्याही जाहिरातीत यायचा नाही. मी म्हटलं, नो वरीज, मी कोणाला देणारच नाही. सही शुक्रवारी व्हायची होती.

आता सतीशकाका. बाबांच्या पुण्यातल्या कॉलेजचे मित्र, आमच्या पाच वर्षं आधी इथे आलेले. आम्ही आलो तेव्हा विमानतळावर तेच घ्यायला आले होते. पहिले तीन आठवडे आम्ही त्यांच्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो, पहिलं भाड्याचं घर त्यांच्या शब्दावर मिळालं, बाबांचा पहिला इंटरव्ह्यू त्यांच्या कोटात झाला. या उपकारांची आमच्या घरात रोज पूजा नव्हती, पण सतीशकाकांना नाही म्हणायचं नसतं एवढं मला लहानपणीच कळलेलं होतं. ते लोकांना घरासाठी कर्ज मिळवून द्यायचं काम करायचे आणि त्यांचं तोंड गोड होतं. राज्य स्पर्धेत मी पदक मिळवलं तेव्हा त्यांनी आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात माझा सत्कार केला. शाल, नारळ, टाळ्या. मी वाकून नमस्कार केला, फोटोत हसले, आणि नारळाची आईने सोमवारी सोलकढी केली.

त्या शुक्रवारच्या आधीच्या शनिवारी, दुपारी ट्रेनिंग करून स्टेशनवरून घरी येत होते. राउंडअबाउटच्या, म्हणजे गोल चौकाच्या, कोपऱ्यावर, जिथे आधी प्लॉटविक्रीचा बोर्ड होता, तिथे मी उभी होते. म्हणजे माझा फोटो. घरापेक्षा उंच. अंगात युनिचा युनिफॉर्म, छातीवर युनिचं चिन्ह, गळ्यात पदक, आणि पायांत माझे जुने बूट, ज्यांच्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव लख्ख वाचता येत होतं. वर भल्यामोठ्या मराठी अक्षरांत 'आपली ऋजुता', आणि खाली इंग्रजीत, पहिल्या घराकडे पहिलं पाऊल आमच्यासोबत टाका, सतीशकाकांच्या कंपनीचं नाव आणि नंबर. मी तिथे किती वेळ उभी होते मला माहीत नाही. मागून एका गाडीतल्या माणसाने काच खाली करून "गुड ऑन यू, मेट" म्हटलं आणि तो निघून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तरी मी त्याला हात केला.

तो फोटो फक्त आमच्या घरातल्यांच्या फोनवर होता. मी घरात शिरले तेव्हा बाबा सोफ्यावर टेस्ट मॅच बघत होते.

"बाबा, सतीशकाकांना माझा फोटो कोणी दिला?"

"लागला का बोर्ड?" ते उठूनच बसले. "कसा दिसतोय? मी त्याला म्हटलं होतं, नाव मराठीतच टाक. या देशात एवढी मोठी मराठी अक्षरं कोणी पाहिली होती का?"

"तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

"अगं, त्याने मला विचारलं ना. म्हणाला, ऋजूचा एक फोटो वापरू का. मी म्हटलं, अरे, आपलीच आहे ती, विचारतोस काय."

हे वाक्य. मराठीत यापेक्षा प्रेमाचं वाक्य नसेल आणि यापेक्षा निर्दय वाक्यही नसेल. आपलीच आहे, म्हणून विचारायचं नाही. परकी असते तर विचारलं असतं, कागद केला असता, दोन वेळा फोन केला असता. मी वीस वर्षांची होते, मतदान करत होते, गाडी चालवत होते, आणि माझ्याबद्दलची परवानगी दोन बाप्यांनी फोनवर एकमेकांना देऊन घेऊन टाकली होती. मी रागाने इंग्रजीत बोलायला लागले, कारण मराठीत बाबांवर ओरडायला मला शब्दच सापडत नव्हते. इट्स माय फेस, बाबा. इट्स नॉट युअर्स टू गिव्ह. बाबा गोंधळून म्हणाले, "अगं पण कौतुकच केलंय ना त्याने, शिव्या तर नाही दिल्या." आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "तिला एकदा विचारायला काय झालं होतं?" पण हळू म्हणाली, आणि कणीक मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतीशकाका स्वतः आले. मी त्यांना फोनवर बूट कंपनीचं सांगून बोर्ड काढा म्हटलं होतं आणि ते समजूत घालायला आले होते. आईने त्यांच्यापुढे थालीपीठ ठेवलं, लोण्यासकट. मला ती बशी उचलून सिंकमध्ये टाकावीशी वाटत होती.

"बेटा, तू चिडलीस म्हणे," काका म्हणाले. "अगं, सत्कार केला ना आपण तुझा? शाल दिली, नारळ दिला. तेव्हा स्टेजवर तू हसत होतीस."

"काका, तो सत्कार होता. जाहिरातीचा मोबदला नव्हता."

"आपल्यात मोबदला नसतो गं, मान असतो. आता बोर्ड सहा महिन्यांसाठी बुक केलाय. तुझ्या त्या गोऱ्यांना सांग, फॅमिली आहे."

इतक्यात अलार्म ओरडायला लागला. बाबा टॉवेल घेऊन खुर्चीवर चढले, आणि काकांनी त्या गोंगाटात शांतपणे दुसरं थालीपीठ घेतलं.

सोमवारी सकाळी हेलनचाच फोन आला. वसाहतीतल्या कोणीतरी कौतुकाने बोर्डाचा फोटो टाकला होता आणि मला टॅग करता करता, मला मदत व्हावी म्हणून, बाबांच्या तोंडून ऐकलेल्या बूट कंपनीलाही टॅग केलं होतं. कंपनीने आपल्या होऊ घातलेल्या खेळाडूच्या पायांत दुसऱ्याचे बूट पाहिले. युनिने कर्जाच्या जाहिरातीवर आपलं चिन्ह पाहिलं. हेलन चिडली नव्हती. ती म्हणाली, हे सुटण्यासारखं आहे. तुझ्या परवानगीशिवाय हे झालं असेल तर तू तसं लिहून दे, आम्ही त्या कंपनीला पत्र पाठवून बोर्ड उतरवायला लावतो, आणि बूट कंपनी शुक्रवारी सही करते. मी त्यांच्याशी बोलले आहे. फोटो ज्यांनी दिला त्यांनाही बुधवारी घेऊन ये, म्हणजे एकदाच सगळं स्पष्ट होईल. मी तिला विचारलं, आणि त्या कंपनीचं काय होईल? ती म्हणाली, विनापरवानगी चेहरा वापरला म्हणून युनि त्यांची तक्रार करेल. कर्जाच्या धंद्याचं लायसन देणारे चौकशी करतील बहुधा.

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "सतीशचं लायसन जाईल का?" मी म्हटलं, माहीत नाही. बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ब्लेझर घातला, आणि युनिपर्यंत पाऊण तास गाडीत आम्ही दोघं रेडिओवरचा ट्रॅफिक ऐकत राहिलो. मला वाटलं ते लाजलेत. मला वाटलं ते मनात इंग्रजी वाक्यं जुळवतायत: आय ॲम सॉरी, आय डिड नॉट आस्क हर. मी त्यांच्यासाठी ती वाक्यं मनात जुळवूनही ठेवली होती, अडले तर पुढचा शब्द द्यायला.

हेलनने त्यांना चहा दिला, त्यांचं नाव दोनदा विचारून नीट उच्चारलं. मग म्हणाली, फोटो देण्याआधी तुम्ही रूला विचारलं होतं का?

बाबा ताठ बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "यस," ते म्हणाले. "आय टोल्ड हर. शी न्यू."

हेलन माझ्याकडे वळली. तिने पेन खाली ठेवलं. "इज दॅट राइट, रू?"

तिने मला भरपूर वेळ दिला, हे मी तिच्या बाजूने सांगायलाच हवं. तिने चष्मा काढून पुसला, खिडकीबाहेर पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. तिला समजलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. मला फक्त नाही म्हणायचं होतं. एकाक्षरी इंग्रजी शब्द. पण माझ्या शेजारी माझा बाप ब्लेझर घालून बसला होता, आणि परक्या बाईसमोर, तिच्या ऑफिसात, तिच्या भाषेत, त्याला खोटारडा ठरवायचं हे माझ्या जिभेला येईना. घरात मी त्यांना काय वाटेल ते बोलले असते. चारचौघांत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, ते अंगातच होतं.

"येस," मी म्हटलं.

हेलनने पेन उचललं. फॉर्म पुढे भरायचा होता. त्या बदल्यात काय मिळालं, असं तिने विचारलं, आणि बाबा म्हणाले, "वन शॉल अँड वन कोकोनट." तिने ते लिहून घेतलं. युनिच्या कुठल्यातरी कपाटात तो कागद असेल, माझ्या कॅम्पच्या बदल्यात एक नारळ.

शुक्रवारी बूट कंपनीने कळवलं की त्यांनी दुसऱ्या मुलीला घेतलं आहे. युनिने मला लेखी ताकीद दिली आणि माझी परीक्षा, फिजिओ, सगळं तसंच चालू ठेवलं. ते माणसांसारखे वागले. हेलनने त्याआधी गुरुवारीच एक ईमेल पाठवला होता, एवढाच: तुला काही सांगायचं असेल तर अजून उशीर झालेला नाही. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, परत घेतलं. लिहायला मला हात होते, शब्द होते, कोणी अडवत नव्हतं. मी ते पाठवलं नाही, आणि मला बाबांचा जितका राग येतो तितकाच त्या न पाठवलेल्या उत्तराचा येतो. कॅम्प झाला नाही. पुढच्या वर्षीच्या निवड शर्यतीत शेवटच्या दोन किलोमीटरला माझा श्वास तुटला, मी पाचवी आले, आणि संघात तिघींनाच जागा होती. जी पहिली आली ती इटलीला जाऊन आली होती. बोर्ड सहा महिने तसाच उभा होता. मी स्टेशनवरून घरी यायला लांबचा रस्ता धरला. सतीशकाकांचा धंदा त्या वर्षी जोरात चालला, दिवाळीला त्यांनी आमच्याकडे सुकामेवा पाठवला, आणि बाबांनी त्यांना फोन करून थँक्यू म्हटलं.

या गोष्टीबद्दल आमच्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही. आई गेली, मी सिडनीपासून दूर टूवूंबा नावाच्या गावी हॉस्पिटलात फिजिओ म्हणून आले, आणि बाबा माझ्याकडे राहायला आले. इथे गाडीशिवाय हलता येत नाही आणि आता त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून त्यांना सगळीकडे मीच नेते. मागच्या महिन्यात एका दुपारी टीव्हीवर चालण्याची शर्यत लागली होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबा बराच वेळ बघत होते, पंच कुठे उभे आहेत ते मला दाखवत होते. मग टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "ऋजू, एक विचारू? त्या दिवशी तू येस का म्हणालीस?"

मला आधी कळलंच नाही ते कुठल्या दिवसाबद्दल बोलतायत. कळलं तेव्हा हातातला टॉवेल मी खाली ठेवला.

"मी सतीशचं मीठ खाल्लं होतं," ते म्हणाले. "मला माझं बोलणं भाग होतं. पण मला वाटलं, तू तुझं बोलशील. तू नाही म्हणशील असंच धरून चाललो होतो मी. तू नाही म्हणाली असतीस तर मी काही तुझ्यावर रागावलो नसतो."

इतकी वर्षं. इतकी वर्षं हा माणूस असं समजून जगला की दार उघडंच होतं आणि मी त्यातून गेले नाही. मी ओरडले नाही, पण आवाज माझा राहिला नव्हता. मी म्हटलं, "बाबा, चारचौघांत तुम्हाला खोटं पाडायचं तुम्ही मला कधी शिकवलं होतंत?"

टीव्हीवर मुली चालतच होत्या.

"नाही शिकवलं," ते म्हणाले.

मग आम्ही दोघांनी शर्यत शेवटपर्यंत पाहिली. संपल्यावर त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "चहा टाकतेस का जरा?" मी सवयीने उठलेही होते. परत बसले आणि म्हटलं, "नाही."